साठीनंतर वजन उचलायचं कसं: बायकांसाठी घरच्या घरी, पहिल्या दिवसापासून

साठीच्या बाईने "कोणता व्यायाम करू?" असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: रोज अर्धा तास चाला. सल्ला चुकीचा नाही. हृदयाला, साखरेला, झोपेला चालण्याचा फायदा होतोच. पण वय झालेली बाई अडते ती चालण्याच्याही आधी. सोफ्यातून उठताना, कमोडवरून उठताना, एसटीची पहिली पायरी चढताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना. या सगळ्याला मांड्या, नितंब, पाठ आणि खांदे यांची ताकद लागते, आणि सपाट रस्त्यावर चालून ती फारशी वाढत नाही.

"मी दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. पण घरकाम रोज तेवढंच असतं. तीच बादली, तोच कुकर, तेच दळण. शरीराला त्याची सवय होऊन वर्षं लोटली. स्नायू वाढतो तो नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडल्यावर, आणि तो भार हळूहळू वाढत गेल्यावर. या लेखात बाकी बरंच सांगितलंय, पण मुद्दा हा एकच आहे: वजन वाढवत न्यायचं.

बायकांच्या बाबतीत घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधीच. साठी येईपर्यंत हाडांनी तो वेगाचा काळ सोसलेला असतो.

"या वयात काय होणार" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन अभ्यास. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. एकाने मध्येच सोडला. बाकीच्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा, २०१८ मध्ये छापून आलेला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका त्यात होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, चांगलं जड वजन उचललं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढलेली होती, दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटलेली. मात्र त्या बायका प्रशिक्षकाच्या नजरेखाली होत्या आणि पहिला महिना त्यांनी हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकण्यात घालवला होता. हे वाचून पहिल्याच दिवशी तांदळाचं पोतं उचलायला जाऊ नका.

आधी डॉक्टरांशी बोलायचं कुणी?

ज्यांना फक्त गुडघेदुखी, आटोक्यातला रक्तदाब किंवा आटोक्यातली साखर आहे, त्यांनी एकदा डॉक्टरांच्या कानावर घालून सुरुवात करायला हरकत नसते. पण थोड्याशा श्रमाने छातीत दुखतं किंवा दम लागतो, चक्कर येते, रक्तदाब १८०/११० च्या आसपास जातो, हर्निया आहे, अलीकडे हाड मोडलंय, मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या तयार झाल्यात, यातलं काहीही असेल तर आधी परवानगी, मग व्यायाम.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. साखर किंवा ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: तरुणपणापेक्षा तुमची उंची कमी झाली आहे का? चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली असेल, किंवा मध्यंतरी पाठीत अचानक जोराची कळ येऊन आठवडे दुखत राहिलं असेल, तर एखादा मणका नकळत दबला असण्याची शक्यता असते. अशा वेळी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. त्यात टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तसं निघालं म्हणून वजन उचलणं बंद करायचं नसतं. पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टसमोर शिकायचं असतं.

आज आपण कुठे आहोत

हाताचे दांडे नसलेली, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था बायकांसाठी जे आकडे वापरते ते असे: ६० ते ६४ वयात १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ मध्ये १० पेक्षा कमी आणि ८० ते ८४ मध्ये ९ पेक्षा कमी जमलं तर ताकद सरासरीखाली. हात टेकवून उठावं लागलं तर गुण शून्य धरतात. शून्य आला तरी बिघडत नाही, सुरुवात कुठून करायची ते कळलं.

मग स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं लावून एका पायावर उभ्या राहा, जमलं तर बोटं सोडा, सेकंद मोजा. दोन्ही आकडे कालनिर्णयाच्या आजच्या चौकोनात लिहून ठेवा. वजनकाट्यावरचा आकडा लिहायची गरज नाही. या व्यायामाने तो महिनोन्‌महिने हलत नाही, आणि त्याकडे बघून बायका उगाच नाउमेद होतात.

सामान

एक भक्कम खुर्ची, एक रिकामी प्लॅस्टिकची बादली, एक लिटरच्या पाच-सहा बाटल्या, कापडी पिशव्या आणि एक पाठीवरची सॅक. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो. बादलीत बाटल्या वाढवत गेलं की किलोकिलोने वाढणारं वजन फुकटात तयार होतं. बादलीत नुसतं पाणी भरू नका, सांडलं की फरशी निसरडी होते. कडी हाताला काचत असेल तर तिला पंचा गुंडाळा. पुढे जमलं तर एक रबरी व्यायामपट्टा आणि दोन, तीन, पाच किलोचे डंबेल घ्या. अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल मात्र घेऊ नका. दुधाची पिशवी त्याच वजनाची असते आणि ती तुम्ही रोज उचलताच.

पायात घट्ट बसणारे बूट असावेत, नाहीतर अनवाणी. सपाता नकोत. साडी असेल तर पदर खोचून, निऱ्या घोट्याच्या वर घेऊन. सलवार-कुर्ता जास्त सोयीचा.

हालचाली

*खुर्चीतून उठणं-बसणं.* एकच व्यायाम करायचा असेल तर हाच करा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती पुढे झुकवा, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. बहुतेकींची चूक इथेच होते: सरळ वर उठायला जातात आणि सगळा ताण गुडघ्यांवर घेतात. झुकल्यावर पूर्ण तळव्याने जमीन दाबत, श्वास सोडत उभ्या राहा. वर आल्यावर नितंब आवळा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा, धपकन नाही. ताकदीचं निम्मं काम खाली येतानाच होतं. गुडघे आत एकमेकांकडे वळू देऊ नका, ते पावलांच्या दिशेने राहिले पाहिजेत.

उठता येत नसेल तर खुर्चीवर एक-दोन जाड उशा ठेवून उंची वाढवा. जमायला लागलं की उशा काढा. मग छातीशी दोन किलोची पिशवी धरा, मग तीन, मग पाच. पाच किलो सहज झालं की पाठीवर सॅक घेऊन त्यात भर टाका, किंवा खुर्ची बदलून बुटकी घ्या.

गुडघ्यांबद्दल थोडं सविस्तर. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांती द्यायची ही समजूत फार खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात मांडीचा स्नायू दुबळा झाला की सांध्यावर जास्त भार येतो आणि दुखणं वाढतं. उठबस करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत होत असेल तर चालू ठेवा. गुडघा सुजला, गरम लागला, किंवा दुसऱ्या दिवशीही जिना उतरता येईना, तर खुर्चीची उंची वाढवा आणि वजन कमी करा. थांबू मात्र नका.

*खालून उचलणं.* जिममध्ये याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव भीतीदायक आहे, पण काम तेच, कपड्यांची बादली उचलण्याचं. आधी रिकाम्या हाताने शिका. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता नितंबांनी मागची भिंत शोधा. पाठ वाकत नाही, फक्त खुब्याच्या सांध्यातून धड पुढे कलतं. नीट जमतंय का पाहायला पाठीवर लाटणं नाही पुरणार, झाडूचा दांडा धरा: डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. एखादं ठिकाण सुटलं की पाठ वाकली.

हे बिनचूक व्हायला आठवडा-दोन आठवडे द्या. मग स्टुलावर बादली ठेवा, आत दोन बाटल्या, दोन्ही पावलांच्या मध्ये येईल अशी. तसंच कलून कडी धरा, पोट किंचित आवळा, श्वास सोडत उभ्या राहा. हळूहळू बाटल्या वाढवा, मग स्टूल बुटकं करा, शेवटी जमिनीवरून उचला. पाठदुखी असलेल्या बायका याच हालचालीला सगळ्यात जास्त घाबरतात आणि बहुतेकींना उपयोगही हिचाच सगळ्यात जास्त होतो, फक्त वजन वाढवण्याची घाई नको.

*ढकलणं.* भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर जोर काढा. सोपं झालं की ओट्याच्या कडेवर, नंतर पलंगाच्या कडेवर. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत.

*ओढणं.* खिडकीच्या गजाला पट्टा अडकवा आणि कोपर बरगडीजवळून मागे न्या. पट्टा नसेल तर एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत खेचा. पुढे वाकलेले खांदे मागे आणायला हे लागतं.

*डोक्यावर उचलणं.* बसून किंवा उभं राहून दोन बाटल्या खांद्यापासून वर. खांदा आखडलेला असेल, मधुमेहात हे बरंच आढळतं, तर जिथपर्यंत न दुखता हात जातो तिथपर्यंतच.

*पायरी आणि टाचा.* जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कठडा धरून, एकाच पायाने चढा आणि त्याच पायावर भार ठेवून उतरा. नंतर टाचा उचलून चवड्यांवर. आधी दोन्ही पायांनी, जमलं की एका पायाने.

*पिशव्या घेऊन चालणं.* दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, ताठ चालत घरातल्या घरात फेऱ्या. पकड, खांदे, पोट, सगळं कामाला लागतं. भाजी आणताना हाच व्यायाम होतो, फक्त सगळी भाजी एका हातात घेऊ नका.

तोल सांभाळण्याचा सराव वेगळा, आणि तो रोज केला तरी चालतो. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ नंतरच्या लोकांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद साधणाऱ्या हालचाली सांगितल्या आहेत.

किती, केव्हा, किती जड

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन दिवस सोडून. सोमवार-गुरुवार म्हणा. तिसरा दिवस जमला तर उत्तम, पण दोन न चुकता केलेले दिवस चार धरसोडीच्या दिवसांपेक्षा चांगले. सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी चाला, खांदे फिरवा.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीची एकच फेरी, आठ ते दहा वेळा, अगदी सोप्या वजनावर. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं बसून विश्रांती. वजन असं हवं की दहाव्या वेळेला वाटावं, आणखी दोन करता येतील, पण चार नाही. हे "आणखी दोन" फार महत्त्वाचं. वीस वेळा गप्पा मारत करता येत असेल तर वजन कमी आहे. चेहरा वाकडा होत असेल, श्वास कोंडला जात असेल, तर जास्त आहे. जोर लावताना श्वास सोडायचा, कारण कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो. आकडे मोठ्याने मोजलेत तर श्वास आपोआप चालू राहतो.

दोन्ही फेऱ्यांत बारा वेळा, व्यायामाच्या लागोपाठच्या दोन्ही दिवशी, व्यवस्थित झालं की वजन वाढवा, आणि ते वहीत लिहून ठेवा. हातांसाठी अर्धा ते एक किलो, पायांसाठी एक ते दोन. वाढवल्यावर आकडा आठवर येईल, मग पुन्हा बारापर्यंत. सातव्या-आठव्या आठवड्यापासून उठबस आणि खालून उचलणं या दोन्हींच्या तीन फेऱ्या करा.

पहिल्या महिन्यात जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जातंतूंनी स्नायूंना नीट कामाला लावायला शिकल्यामुळे. स्नायू खरोखर भरायला दोन-तीन महिने जातात, आणि हाडांना त्याहून बराच जास्त काळ. हात पुरुषी होतील ही भीती तर मनातून काढूनच टाका. त्यासाठी लागतं तेवढं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाईच्या शरीरात नसतं.

व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या अवघडणं ठीक. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, हातापायात मुंग्या, छातीत दाब यापैकी काही झालं तर तिथेच थांबायचं.

हाडं विरळ असतील तर काय टाळायचं

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत मणके दबण्याचं प्रमाण पाठ मागे ताणणाऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त निघालं. तेव्हा डेक्सामध्ये हाडं विरळ निघाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं टाळा: पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, पोट कमी करायला करतात त्या क्रंचेस, आणि झटक्याने कंबर पिळणं. सूर्यनमस्कारात हात जमिनीला लावण्याऐवजी खुर्चीवर ठेवा. योगवर्ग सोडायची गरज नाही. शिक्षकांना मात्र स्पष्ट सांगा, लाजू नका.

लाजण्यावरून आणखी एक. वजन उचलताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जाणं हे बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना होतं आणि त्यामुळेच अनेकजणी व्यायाम सोडतात. उचलण्याच्या अगदी आधी, लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू आत-वर खेचून घ्या, मग श्वास सोडत उचला. तरीही होत असेल तर वजन कमी करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. यावर उपचार आहेत.

ताट

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वयस्करांसाठी बरेच तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. आता आपलं नेहमीचं जेवण बघा: दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, थोडा भात. सगळं मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास. वर रात्री "भूक नाही" म्हणून नुसता दूधभात.

आमटी घट्ट करा आणि वाटी दोनदा घ्या. घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात सहा-सात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ, मूठभर शेंगदाण्यांत सात, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंधरा. मासे खाणाऱ्यांना बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये जवळपास वीस. तिन्ही वेळांना विभागून घ्या, सकाळच्या पोह्यांबरोबरही एखादं अंडं किंवा दही असू द्या. उपासाच्या दिवशी साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिरा, दही, दूध, दाण्याची आमटी हे धरा, आणि कडक उपास असेल तर व्यायामाचा दिवस पुढे ढकला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तपासून घ्या. मनानेच गोळ्या चालू करू नका.

बाहेर शिकायचं असेल तर

जिमची भीती वाटणं साहजिक आहे, पण वजन नेमकं वाढवायला तिथे सोय असते. भरती होण्याआधी प्रशिक्षकाला विचारा: माझ्या वयाच्या बायकांना शिकवलंय का? मी काय उचललं त्याची नोंद कोण ठेवणार? वजन कधी वाढवणार? गुडघा दुखला तर या व्यायामाऐवजी काय देणार? "आंटी, तुम्ही फक्त ट्रेडमिल करा" असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

बारा आठवड्यांनी

तीच खुर्ची, तेच तीस सेकंद. आकडा दोन-तीननेही वाढला तर चांगलं चाललंय. हललाच नसेल तर आधी वही तपासा: पहिल्या महिन्यात उचललेलं वजन आणि आज उचलता ते वजन एकच आहे का? बहुतेक वेळा तेच निघतं. तसं नसेल तर जेवणाकडे आणि झोपेकडे बघा, आणि मग थायरॉइड, हिमोग्लोबिन.

खंड पडणार आहेच. गणपती, लग्नसराई, नातवंडांची सुट्टी, एखादा ताप. आठवडाभराच्या खंडाने काही जात नाही, आहे तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर आधीच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांशावर या. महिन्याच्या वर गेला, किंवा अंथरूण धरायला लावणारं आजारपण झालं, तर निम्म्यावर, आणि फेरी एकच. अंथरुणावरच्या दिवसांत मांड्यांचे स्नायू झपाट्याने उतरतात, म्हणून ताप उतरून जेवण जाऊ लागलं की पलंगाच्या कडेवरून दिवसातून तीन वेळा पाच-पाच उठबशा, कुणालातरी शेजारी उभं करून. आठवडाभर त्या नीट जमल्या की बादलीत पुन्हा पहिल्या दोन बाटल्या ठेवा.